दिवाळीनंतरचं गांडूळ

१२ ऑगस्ट

आज गांडूळ चाललं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीतून, वळणं घेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणीही न ढकलता. फुग्यांच्या या कारखान्याचे मालक नविनभाई, त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि वर मलाच ऐकवलं, "दक्षाबेन, दोन वरस माझी एक लाइन अडवून ठेवली तुमी, आज पहिल्यांदा काय तरी हललं!"

या कामाला पैसे देणाऱ्या मुंबईच्या संस्थेला जो अहवाल जातो त्यात पेढे लिहिता येत नाहीत, म्हणून हे इथे. तिथे लिहायचं, 'तीन कप्प्यांची मऊ रबरी रचना, क्रमाने हवा भरली असता पुढे सरकते.' इथे सरळ लिहिते. मागचा कप्पा फुगून भिंत धरतो, मधला लांबतो, मग पुढचा फुगून धरतो आणि मागचा सुटून पुढे येतो. अंगणातलं गांडूळ याहून वेगळं काही करत नाही. आमच्या गांडुळाच्या तोंडाशी वाटाण्याएवढा कॅमेरा आहे, इतकाच फरक. हे माणसाच्या मोठ्या आतड्यात मागच्या वाटेने जायचं आणि आत गाठ, जखम, रक्त जे असेल ते दाखवायचं. आज त्यासाठी डॉक्टर लांब नळी बाहेरून ढकलतात. ती वळणावर अडली की आतडं ताणलं जातं आणि माणूस ओरडतो. गांडुळाला कुणी ढकलत नाही, म्हणून दुखायला नको. माझा शोध म्हणाल तर एवढाच आहे.

संस्थेतले साहेब मला विचारत होते, हे डहाणूलाच कशाला? पातळ रबर साच्यावर बुडवून, एकसारखं उतरवून काढणारे हात डहाणूच्या फुगेवाल्यांइतके कुणाचे बसलेले आहेत? माझी आई, जानी, जन्मभर फुग्यांच्या कारखान्यात होती. मी पाळण्यात कमी आणि फुग्यांच्या ढिगात जास्त झोपले. इंजिनिअर झाले तरी बोटांना अजून त्या पांढऱ्या पावडरीची सवय आहे.

१७ ऑगस्ट

गावाहून, तळासरीजवळच्या वेवजीहून, बाबा आला. एरवी भाजीची पिशवी दारात ठेवून परत फिरणारा माणूस आज शेडमध्ये येऊन खुर्ची ओढून बसला. लावणी आटोपलेली, वेळ असेल. मी गांडूळ चालवून दाखवलं. त्याने दोनदा बघितलं.

मग प्रश्न सुरू. "आत रक्त असलं तर याला दिसतं?"

"दिसतं की. कॅमेरा आहे ना."

"थोडं असलं तरी?"

"थेंबभर असलं तरी."

"आणि माणसाला दुखतं?"

"अजिबात नाही, बाबा. त्यासाठीच तर हे."

"कवा घालणार माणसात?"

एवढ्या उत्सुकतेने माझ्या कामाबद्दल त्याने आजवर विचारलं नव्हतं. बारावीला पहिली आले तेव्हा 'बरं झालं' म्हणून बैल सोडायला गेला होता. मला फार बरं वाटलं. "दिवाळीनंतर बघ तू," मी ऐटीत म्हणाले. डिसेंबरमध्ये मुंबईला मेणाच्या आतड्यावर प्रात्यक्षिक आहे, ते डोक्यात होतं. तो मान हलवत उठला. दोडकी छान होती.

३१ ऑगस्ट

गौरी-गणपतीसाठी वेवजीला दोन दिवस. लाहूने, माझ्या भावाने, या वर्षी मखर स्वतः केलं आणि ते उजवीकडे कललं आहे हे कुणीही त्याला सांगितलं नाही.

सरितावहिनीची तक्रार वेगळीच. बाबा हल्ली स्वतःचे कपडे स्वतः धुतो. तेही सगळे उठायच्या आत, विहिरीवर जाऊन. "आयाबाया काय बोलतील? सून सासऱ्याची धोतरं पण धुवत नाय बोलतील!" मी म्हटलं, वहिनी, या घरातला एक पुरुष सुधारला तर तुझ्या पोटात का दुखतं? ती हसली नाही. लाहूकडे बघून मी म्हटलं, तूही शीक. तो मखराकडे बघायला लागला.

रात्री आरतीनंतर झिपरूकाकाची नेहमीची कथा झाली. गेल्या वर्षी त्याला गुजरातेतल्या एका दवाखान्यात ती नळी घातली होती, भूल न देता. त्यानंतर त्याने ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितलं आहे. कुठे किंचाळला, किती जणांनी धरला, सगळं हातवारे करून. पोरं लोळून हसतात. मोठी माणसं हसत नाहीत, हे आज लक्षात आलं. बाबा तर उठून बाहेरच गेला. त्यालाही आता ती कथा ऐकून कंटाळा आला असणार.

१४ सप्टेंबर

डुकराच्या आतड्यावर पहिली चाचणी. बोकडाचं फार अरुंद पडतं. धुऊन आणलेलं आतडं टेबलावर मांडलं तेव्हा नविनभाई हात जोडून बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

प्लॅस्टिकमध्ये चालणं आणि आतड्यात चालणं यात जमीन-अस्मानाचा फरक. आत सगळं बुळबुळीत. गांडूळ जागच्या जागी फुगत-आकसत राहिलं, पुढे काही जाईना. खऱ्या गांडुळाच्या अंगावर बारीक राठ केस असतात, ते मातीत रुततात. मी पुढच्या कप्प्यावर रबराचे बारीक दाणे उठवायचं ठरवलं. साचा बदलावा लागेल.

डॉक्टर वर्षा आल्या होत्या. डहाणूत पोटाची ऑपरेशनं करतात, आमच्या प्रकल्पाच्या सल्लागार आहेत. शांतपणे बघून म्हणाल्या, "दक्षा, माझ्या नळीला दाणे नसतात, पण ती शेवटपर्यंत पोचते." मी म्हटलं, मॅडम, तुमच्या नळीला तळासरीची माणसं घाबरतात. "ते खरंय," त्या म्हणाल्या. "ते तुझं बरोबर आहे."

२८ सप्टेंबर

दाण्यांचा साचा जमला. गांडूळ आतड्यात हातभर गेलं! उद्या परत.

डॉक्टर वर्षांनी एक गंमत सांगितली. तळासरीकडे कुठल्याशा पाड्यावर त्यांच्या लोकांनी तपासणी शिबिर घेतलं. ज्यांच्या शौचात रक्त सापडलं त्यांना नळीच्या तपासणीला डहाणूला बोलावलं. एका म्हाताऱ्याने साफ नकार दिला. म्हणे, आता नळी कशाला, गांडुळाचं मशिन येतंय, दिवाळीनंतर, त्यात दुखत नाही. नर्सबाईंना काही कळेना, त्यांनी मॅडमना विचारलं. "तुझी जाहिरात पार डोंगरापर्यंत पोचली," मॅडम म्हणाल्या. मग, "पण अशा माणसाने थांबायला नको गं."

मध्यंतरी वर्तमानपत्रात आमच्या गांडुळाची बातमी आली होती, तिचा परिणाम असणार. वस्तू तयार होण्याआधीच मागणी! मुंबईच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर घालते हे. संस्थेचे साहेब नेहमी विचारतात ना, गरज कुणाला आहे म्हणून.

१९ ऑक्टोबर

घरी आले. वाघबारस, वाघदेवाच्या पूजेचा दिवस, चुकली, साच्यांपायी. वहिनीने काकडीच्या गोड तवसळ्या करून ठेवल्या होत्या. बाबाने एक हातात घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी कुत्र्याला. म्हटलं, पथ्य चाललंय का? "भूक नाय," म्हणाला. धोतरावरच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलंय त्याने. पोट गेलं, कमरेत बारीक झाला, एकंदरीत बरा दिसतो. मी तसं म्हणाले तर लाहूने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं.

निघताना बाबाने विचारलं, "तुझं दिवाळीनंतरचं पक्कं ना?"

"अगदी पक्कं."

२९ ऑक्टोबर

वाईट दिवस. गांडूळ चौथ्या फेरीला आतड्याच्या मध्यावर अचानक दुप्पट फुगलं आणि आतडं फाटलं. मेलेल्या डुकराचं होतं म्हणून बरं. दाब तोच, रबर तेच, साचा तोच. पहिल्या फेऱ्यांना नीट वागणारं गांडूळ नंतर का माजतं? आणि प्रत्येक गांडूळ वेगळ्या फेरीला. एक तिसऱ्यात, एक सातव्यात.

नविनभाई म्हणतात, हवेत ओल आहे. संस्थेचे साहेब फोनवर म्हणाले, रबराचं मिश्रण तपासा. मी मिश्रण तपासलं. मिश्रण चोख आहे. डोकं दुखतंय.

३ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

जेवणाची सुट्टी झाली, शेड रिकामी झाली आणि बाबा आत आला. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, केसाला तेल. मला वाटलं कुणाच्या लग्नाला निघालाय. तो पावडरीच्या गोणीवर बसला, कारण उभं राहवत नव्हतं हे मला आता कळतंय.

"दिवाळी झाली," तो म्हणाला.

"झाली की."

"कालपासून काय खाल्लं नाय. झिपरू बोललेला, पोट रिकामं लागतं. आंघोळ करून आलोय." मग आवाज खाली करून, "सगळे जेवायला गेलेत तवर घाल तुझं गांडूळ."

मी हसले. खरंच हसले. मग त्याचा चेहरा बघितला आणि विहिरीवर धुतलेली धोतरं, पट्ट्याचं भोक, शिबिरातला म्हातारा, सगळं एकदम अंगावर आलं.

"कधीपासून जातंय रक्त?"

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "पोरीला सांगायची गोष्ट हाय का ती?"

"बाबा, कधीपासून?"

"लावणीच्या आधीपासून."

आई असती तर तिला सांगितलं असतं. वहिनीला कसं सांगणार, लाहूलाही नाही. मला तर नाहीच. म्हणून तो मला गांडुळाबद्दल विचारत होता, आणि मी ऐटीत उत्तरं देत होते.

त्याला सांगावं लागलं. हे माणसात घालता येत नाही. अजून डुकराच्या आतड्यातही फाटतं. ते नीट झालं तरी तपासण्या, परवानग्या, मग कुठे पहिला माणूस. चार-पाच वर्षं तरी.

"चार-पाच वरसं," तो म्हणाला. एसटी किती वाजता सुटते हे ऐकून घ्यावं तसं. "मग तू बोललीस कशाला?"

बोलले, कारण बाप पहिल्यांदा माझं काम विचारत होता आणि मला मोठं व्हायचं होतं. हे तोंडातून निघालं नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावलाही नाही.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टर वर्षांकडे जाऊ, साधी नळी घालू, आता भूल देतात, झोप लागते. तो उठला. "झिपरूला पण असंच बोलले असतील."

"झिपरूकाकाला भूल दिलीच नव्हती!"

"तुला घातलीय कवा नळी?"

"नाही."

"मग तू ऐकलेलं सांगतेस. तो भोगलेलं सांगतो." आणि निघाला. चहासुद्धा घेतला नाही. मी एसटी स्टँडपर्यंत मागे मागे गेले, तो एकदाही वळला नाही.

५ नोव्हेंबर

गांडूळ का फाटतं ते सापडलं. आनंद व्हायला हवा होता.

सकाळी नवीन कप्पा साच्यावरून उतरवला, आणि तो हातात येताच मी दोन्ही बोटांनी ताणला, तोंडाला लावला, एकदा पूर्ण फुगवून सोडला. विचार न करता. लहानपणापासून हेच. डहाणूत फुगा हातात आला की आधी ताणायचा, एक फुंकर भरून बघायचा, मग पेटीत. आई करायची, शेडमधल्या सगळ्या बायका करतात. फुग्यासाठी ते चांगलंच आहे, एकदा फुगलेला फुगा पुढच्या वेळी पोराला सोपा जातो. पण तो सोपा जातो म्हणजेच रबर सैल पडलेलं असतं. मग त्याच दाबाला तो जास्त फुगतो, दर वेळी आणखी थोडा. मी प्रत्येक कप्पा असा आपल्या हाताने सैल करून गांडुळाला जोडत होते, कुणाला जास्त, कुणाला कमी. अहवालात कधी लिहिलं नाही, कारण ते मी करते हेच मला माहीत नव्हतं. मुंबईच्या एकाही साहेबाच्या हातून ही चूक झाली नसती.

न फुंकलेला कप्पा दिवसभर चालवला. एकसारखा फुगतो. नविनभाई पेढे आणायला निघाले होते, मी नको म्हटलं.

९ नोव्हेंबर

वेवजी. कापणीचे दिवस. लाहूने सुट्टी टाकलीय, कारण बाबाला भारा उचलवत नाही. मी लाहूला आणि वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, "मी बोललेले तुम्हाला, कपडे धुतात म्हणून." बोलली होती. मी तिची थट्टा केली होती.

बाबा खळ्यावर बसला होता. मी समजावलं, लाहूने समजावलं, शेवटी लाहू ओरडला. बाबाचं एकच. भूल देतात म्हणतात, आणि उठलंच नाही माणूस तर? आणि भूल नाही दिली तर झिपरूसारखं. मग मी म्हटलं, "आधी मी घालून घेते. भुलीशिवाय. तू बाहेर बस आणि ऐक."

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. "तुला काय झालंय?"

"काही नाही."

"मग उगाच?"

"उगाच नाही. मी दोन वर्षं हे बनवतेय, आणि तू म्हणालास तसं, सगळं ऐकलेलं आहे."

तो पेंढीतलं तण निवडायला लागला. "तू ओरडलीस तर मी घरी जाणार," म्हणाला.

१० नोव्हेंबर

डॉक्टर वर्षा भडकल्या. "खेळ आहे का हा? निरोगी माणसाला नळी?" मी बाबाचं सांगितलं. शिबिरातला म्हातारा कोण होता तेही सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, "अर्धीच घालीन. डावीकडच्या वळणापर्यंत. तुझ्या घरात आता आतड्याचा आजार असण्याची शक्यता आहे, त्या नावाखाली. आणि वडिलांची त्याच दिवशी, पूर्ण." मग, "एवढी वर्षं झाली, नळी बनवणाऱ्यांपैकी कुणी मला म्हटलं नव्हतं की मला घालून बघा."

१४ नोव्हेंबर

झालं.

आधी माझी. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. मागे उघडा झगा. पडद्यापलीकडे बाकावर बाप. आत जाताना दुखत नाही, नुसतं विचित्र वाटतं. मग त्या हवा भरतात, आतडं उघडावं म्हणून, आणि पोट ढोलासारखं ताणतं. इतक्या माणसांसमोर गॅस सोडायचा नाही म्हणून सगळं अंग आवळलं जातं, आणि आवळलं की आणखी दुखतं. नर्सबाईंनी कानात सांगितलं, "सोडून दे गं, सगळेच सोडतात." हे आधी सांगितलं असतं तर निम्मं दुखणं वाचलं असतं. वळणावर मात्र खरंच कळ आली. डोळ्यांत पाणी आलं. मी उशी दातात धरली. ओरडले नाही.

झोपल्या झोपल्या एकच विचार आला. माझं गांडूळ फुगून चालतं, आणि यात सगळ्यात जास्त दुखतं ते फुगणंच. दोन वर्षं मी ढकलण्यावर काम केलं. 'अजिबात नाही दुखत' असं मी छाती ठोकून सांगत आले, कुणाच्या भरवशावर कोण जाणे. तीन मोठ्या कप्प्यांऐवजी बरेच लहान करावे लागतील, सुरवंटाच्या पायांसारखे, जेमतेम टेकणारे. ते नंतर बघू.

बाहेर आले तर बाबा उभा होता. बसला नव्हताच म्हणे. "दुखलं?"

"वळणावर दुखलं. थोडा वेळ. आणि लाज फार वाटते."

"लाजेचं काय एवढं," म्हणाला आणि आपणहून आत गेला.

त्याला भूल दिली. दोन दिवस औषध पाजून पोट साफ करून घेतलं होतं. मी आत थांबले, डॉक्टर वर्षांनी परवानगी दिली. पडद्यावर बाबाचं आतडं, गुलाबी, ओलं. अशी चित्रं मी शेकड्याने बघितली आहेत. डाव्या वळणाच्या पुढे गाठ दिसली. डॉक्टर काही बोलायच्या आधी मला कळलं. फुलकोबीच्या तुकड्यासारखी, एका बाजूने रक्ताळलेली. बाबा घोरत होता.

१५ नोव्हेंबर

तुकडा तपासायला गेलाय, पण डॉक्टर वर्षांना शंका नाही. स्कॅन वापीला केलं, गाठ दुसरीकडे पसरलेली दिसत नाही. ऑपरेशन करायचं. मी विचारलं, ऑगस्टमध्येच आला असता तर? त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. मी सोडलं नाही. "तेव्हा लहान असती तर कदाचित नळीतूनच निघाली असती. आता पोट उघडावं लागेल. पण दक्षा, कदाचितच."

बाबाला मीच सांगायचं ठरलं. खाटेजवळ बसले आणि एका दमात सांगितलं. गाठ आहे, वाईट आहे, कापावी लागेल. आधी आला असतास तर एवढं लागलं नसतं. तू माझ्या गांडुळासाठी थांबलास. मीच तुला थांबवलं. आणि मग मला रडू फुटलं, दवाखान्यात, सगळ्यांसमोर. आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

बाबाने मला रडू दिलं. मग म्हणाला, "मी काय तुझ्या गांडुळासाठी नाय थांबलो. मी भ्यालेलो. झिपरूचं ऐकून रातची झोप उडलेली. पण भितो असं बोलायला लाज वाटते. पोरीचं मशिन येतंय, त्याची वाट बघतो, असं बोललं की लोक बसायला खुर्ची देतात." वर, "शिबिरवाल्या बाईने पण दिली."

खरं बोलला की मला बरं वाटावं म्हणून बोलला, सांगता येत नाही. विचारणार नाही.

१ डिसेंबर

गाठ निघाली. पूर्ण निघाली असं डॉक्टर वर्षा म्हणाल्या. पुढचं औषध लागेल की नाही ते तपासणीवर. बाबा शुद्धीवर आलाय, पाणी मागतोय, देत नाहीत म्हणून नर्सबाईंना वेवजीच्या भाषेत काय काय बोलतोय. लाहू जवळ आहे. मी बाकावर बसून लिहितेय. आता सकाळचं.

बाबाला ऑपरेशनला न्यायचं होतं. शेजारच्या खाटेवर कोसबाडकडचा काळ्या म्हणून एक म्हातारा, रक्त जातंय म्हणून आणलेला, औषधाने पोट साफ करून ठेवलेला, पण नळीला तयार नाही. त्याचा मुलगा विनवून विनवून थकला होता. वॉर्डात वीसेक माणसं. ट्रॉली दारापर्यंत गेली आणि बाबाने हात वर करून ती थांबवली. वॉर्डबॉयला वाटलं काहीतरी होतंय.

बाबा काळ्याला म्हणाला, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अरे, घाबरतोस काय! ही माझी पोरगी. इंजिनिअर हाय. तिला काय झालेलं पण नाय, तरी हिने माझ्या आधी स्वतःला नळी घालून घेतली. भुलीशिवाय! एक आवाज काढला नाय. मी बाहेर उभा होतो."

वीस माणसं माझ्याकडे वळली. कुणाच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला दिसत होतं. धरणी दुभंगली असती तर त्या क्षणी मी आनंदाने आत गेले असते. बाबा छाती फुगवून आत गेला, ऑपरेशनला नाही, वरातीला निघाल्यासारखा.

दार बंद झालं. लाहू बाहेर फेऱ्या मारायला लागला. मी कुणाकडे न बघता माझी पिशवी उचलली, तेवढ्यात काळ्याने हाक मारली.

"बाय, तुझ्या बापासंगं आत होतीस तू?"

"होते."

"मी गेलो तर माझ्यासंगं येशील?"

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, त्याच्या नात्यातली नाही. आत बाबाचं पोट उघडलं जात होतं आणि मला बाहेर बसून फक्त घड्याळ बघता आलं असतं. त्याच्या मुलाने माझ्याकडे बघून हात जोडले. मी पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हाताऱ्याला धरून उठवलं. नळीच्या खोलीत दुसरे डॉक्टर होते, तिकडे जाताना त्याला सांगितलं, हवा भरतील, पोट ताणेल, गॅस आला तर सोडून द्यायचा, सगळेच सोडतात.

"तू पण सोडलास?" त्याने विचारलं.

"मी पण," मी म्हणाले, आणि आम्ही आत गेलो.